टॉमची आई

मार्क ट्वेनचं 'द प्रिन्स अँड द पॉपर' (१८८१) मुलांच्या हाती दिलं जातं ते अदलाबदलीची धमाल गोष्ट म्हणून. राजपुत्र एडवर्ड आणि लंडनच्या ऑफल कोर्ट या गलिच्छ वस्तीतला टॉम कँटी दिसायला हुबेहूब सारखे, कपडे बदलतात आणि पुढे सगळा गोंधळ. मला विचाराल तर या पुस्तकाचा जीव टॉमच्या आईत आहे.

आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी रविवारी पुस्तकं वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठीत. लहानपणी तोंडासमोर बंदुकीच्या दारूचा भडका उडाल्यापासून टॉमला एक सवय लागलेली असते. दचकला की हात डोळ्यांपुढे जातो, पण तळवा बाहेरच्या बाजूला. घरी आलेला पोरगा आपलाच का, या शंकेने आईला झोप लागत नाही. झोपलेल्या एडवर्डच्या तोंडावर ती एकदम मेणबत्तीचा उजेड पाडते, कानाशी जमिनीवर आवाज करते. पोरगा दचकून जागा होतो, हात मात्र तसा वर जात नाही. हे ऐकून आमची सगळी पोरं आपापले हात डोळ्यांपुढे धरून बघायला लागली.

पुढे राज्याभिषेकाची मिरवणूक निघते. राजा समजला गेलेला टॉम घोड्यावरून नाणी उधळतोय. गर्दीत आई दिसते आणि त्याचा हात आपसूक वर जातो, तळवा बाहेर. ती धावत येऊन त्याच्या पायाला मिठी मारते. आणि तो म्हणतो, "बाई, मी तुला ओळखत नाही."

मुलं एकदम गप्प झाली. एक मुलगी तर रागावलीच त्याच्यावर. पण टॉम वाईट नाही हो! तोवर त्याने कितीजणांच्या शिक्षा माफ केलेल्या असतात. इतक्या भल्या पोरालाही मखमलीची एवढी सवय होते की आई परकी होते, हे ट्वेन जराही न लपवता लिहितो. त्याच क्षणी टॉमचा सगळा तोरा गळून पडतो. थोड्या वेळाने तो सांगतोही, ती माझी आई होती. तर दरबारी म्हणतात, महाराजांना पुन्हा वेड लागलं! तिकडे चिंध्यांतला एडवर्ड 'मी राजा आहे' म्हणतो, तेव्हा त्यालाही वेड्यातच काढतात.

मुलांसाठीच्या एका संक्षिप्त आवृत्तीत हा प्रसंगच गाळलेला पाहिला आणि फार वाईट वाटलं. पुस्तक घेताना ३१ वं प्रकरण उघडून बघा. आई नसेल, तर दुसरी प्रत शोधा.