मायोरीचं लाकडी घर

आज रीगाहून लोकल पकडून मायोरीला गेले. बाल्टिक किनाऱ्यावरचं गाव. माणसं वाळूकडे चाललेली, मी मात्र लाटव्हियाचा कवी-नाटककार राइनिस याच्या उन्हाळी घराकडे. आता तिथे संग्रहालय आहे. १२ सप्टेंबर १९२९ला तो याच गावात वारला, ६४वा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता.

खरं नाव यानिस प्लिएक्शान्स. शिकला वकिली, झाला संपादक. लाटव्हियावर तेव्हा रशियाच्या झारचं राज्य होतं; डाव्या विचारांपायी १८९७ला झारच्या पोलिसांनी त्याला उचललं. अस्पाझियाशी लग्न झालं तेही तो कैदेत असताना! तेव्हा कवयित्री म्हणून नाव तिचं होतं, त्याचं नव्हे. गटेच्या ‘फाउस्ट’चा लाटव्हियन अनुवाद दोघांच्या कष्टाचा, पण गाजला राइनिसच्या नावावर. (हे वाचून मी जरा चिडलेच.)

झारविरुद्धच्या १९०५च्या क्रांतीनंतर दोघं स्वित्झर्लंडला पळाली आणि लुगानोजवळच्या कास्तान्योलात १९२०पर्यंत राहिली. ‘सोनेरी घोडा’ हे नाटक त्याच काळातलं. काचेच्या डोंगरावर झोपलेली राजकन्या आणि घोड्यावरून तिच्यापर्यंत पोचणारा साधाभोळा आंतिन्श. परीकथाच, पण तेव्हाच्या लाटव्हियन वाचकांना त्यात आपला झोपलेला देश दिसला.

स्वतंत्र झालेल्या लाटव्हियात परतल्यावर दोघंही संविधान सभेत निवडून आली. पुढे तो राष्ट्रीय नाट्यगृहाचा संचालक, मग शिक्षणमंत्री. राष्ट्राध्यक्ष व्हायची इच्छा मात्र राहूनच गेली. माझ्या मते लाटव्हियाचं त्यात काही बिघडलं नाही. तसाही तो फायलींपेक्षा नाटकांत जास्त रमणारा.

पुढच्या सुट्टीत दुबुल्तीला, अस्पाझियाच्या घरी. कोणी येतंय का सोबत?