इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी

मी 31 वर्षांचा आहे आणि जिममध्ये मिळालेल्या सल्ल्यानुसार टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने सुरू करावीत की नाही, हा प्रश्न गेले दोन महिने माझ्या मनात घर करून आहे. सततचा थकवा आणि कमी झालेली कामेच्छा यांमुळे केलेल्या पहिल्या तपासणीत पातळी डेसिलिटरमागे 262 नॅनोग्रॅम आली. मात्र ते रक्त मी दुपारी जेवणानंतर दिले होते, आणि हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असून दिवसभरात उतरत जात असल्याने निदानासाठी वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी केलेल्या किमान दोन तपासण्या लागतात, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. पुढच्या वेळी सकाळी आठ वाजता आकडा 318 आला. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशन ही मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना 300 ही सीमारेषा मानते, म्हणजे त्याखालची पातळी कमी समजते.

मला आणि माझ्या जोडीदाराला येत्या दोन वर्षांत मूल हवे आहे, आणि माझ्या दृष्टीने खरा पेच तिथेच आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही वृषणांना चालना देणारी संप्रेरके स्रवणे जवळजवळ थांबते, शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी पूर्ण बंदही पडते, आणि उपचार सोडल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने, काहींना वर्षाहूनही अधिक काळ लागतो. जिममध्ये मिळालेल्या सल्ल्यात याचा उल्लेखही नव्हता, याचा मला मनापासून राग येतो.

माझे वजन 96 किलो आहे आणि मी रात्री मोठ्याने घोरतो. लठ्ठपणा आणि झोपेत श्वास अडखळणे या दोन्हींमुळे पातळी खाली येऊ शकते. म्हणून आधी झोपेची तपासणी, तसेच एलएच आणि प्रोलॅक्टिन (पीयूषिका ग्रंथीचेच आणखी एक संप्रेरक) यांच्या रक्ततपासण्या करून घेणार आहे. इंजेक्शनाचा निर्णय तोवर थांबवला आहे.