भिजत घोंगडे

शुक्रवार, रात्री साडेदहा.

आज रोजनिशी मागे मागे चाळताना एकच वाक्य तीन वेगवेगळ्या महिन्यांत, जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेले सापडले : ‘छपाईचा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे पुढच्या आठवड्यात नक्की ठरवायचे.’ पहिल्या वेळी ‘नक्की’खाली दोन रेघा होत्या, दुसऱ्या वेळी एक, आणि तिसऱ्या वेळी रेघ मारण्याचा उत्साहही उरलेला नव्हता.

सात महिने हे घोंगडे भिजत पडले आहे. या काळात मी स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. दोन वर्षांचे हिशेब नव्याने मांडले, चार अनुभवी माणसांचा सल्ला घेतला, आणि त्या चौघांचे एकमत झाले नाही याचा मनातून थोडा आनंदच झाला, कारण मग पाचव्याला विचारण्याची सोय झाली. ‘अजून माहिती हवी’ या सबबीचा मोठा गुण असा की ती चालढकलीसारखी दिसत नाही.

आज दुपारी छपाई सांभाळणाऱ्या सहकारी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, बंद करणार असाल तर तसे सांगा, मी दुसरीकडे बघते, पण हे तळ्यात-मळ्यात आता सोसत नाही.” त्यांच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. निर्णय लांबला तर फार तर माझी झोप जाते, अशी माझी समजूत होती. मधल्या काळात त्यांनी माझ्या भरवशावर एक चांगले काम नाकारले होते, हे मला आज कळले.

संध्याकाळी जुना कागद बाहेर काढला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात, काय ठरवावे ते मी सांगू शकत नाही पण कसे ठरवावे ते सांगतो, असे म्हणून एक रीत दिली आहे : कागदावर मधोमध रेघ ओढावी, तीन-चार दिवस दोन्ही बाजूंचे मुद्दे सुचतील तसे टिपावेत आणि मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जावे. ही रीत मी पूर्वीच वापरली होती आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या होत्या. आज मात्र तोच कागद वाचताना ‘चालू ठेवावा’ या रकान्यातल्या नऊपैकी सहा मुद्द्यांची क्रियापदे भूतकाळी आहेत, हे लक्षात आले. यंत्र घेतले. कर्ज फेडले. पहिले मोठे ग्राहक छपाईमुळेच आले. यातले काहीही विभाग बंद केल्याने पुसले जाणार नाही आणि चालू ठेवल्याने परतही मिळणार नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांच्या १९८५ च्या अभ्यासात, नाट्यगृहाची हंगामी तिकिटे पूर्ण किमतीला घेणारे लोक सवलतीत घेणाऱ्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या निम्म्यात अधिक प्रयोगांना गेले होते. नाटके तीच होती, फरक होता तो फक्त आधी गेलेल्या पैशाचा. वाचताना त्या प्रेक्षकांची गंमत वाटली होती. ते सहा मुद्दे खोडल्यावर तो रकाना अगदी केविलवाणा दिसू लागला.

तरीही हात आखडलाच. अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ च्या पत्रात परत फिरता येणारे, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या दारासारखे, आणि न येणारे, असे निर्णयांचे दोन प्रकार केले आहेत, आणि परत फिरता येणाऱ्या निर्णयांत फार वेळ घालवू नये असे म्हटले आहे. त्या आधाराने मी एक पळवाट काढली : तीन महिने नवी कामे घ्यायची नाहीत, मग पाहू. अर्ध्या तासाने ध्यानात आले की हे दार दोन्ही बाजूंनी उघडते ते फक्त माझ्यासाठी. त्या सहकाऱ्यांसाठी ते आणखी तीन महिन्यांचे तळ्यात-मळ्यातच असेल.

ही माझी जुनीच सवय आहे. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात जाऊन काम करण्याची संधी आली, तेव्हा मी होही म्हटले नाही आणि नाहीही. शेवटी मुदत संपली आणि तिनेच माझ्या वतीने उत्तर दिले. कोणी विचारले तर आजही मी ‘जमले नाही’ असे सांगते. ‘मी नको म्हटले’ असे म्हणायला जीभ रेटत नाही.

तेव्हा विभाग बंद. वर्षभराने हा निर्णय फसला असे धरून त्याचे कारण शोधले (ही युक्ती मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची), तर एकच ठळक कारण सुचले : छपाईसाठी येणारे ग्राहक छापायच्या मजकुराच्या मांडणीचे आमच्याकडचे कामही दुसरीकडे नेतील. म्हणून छपाई बाहेरून करून घेण्याची बोलणी सोमवारी करायची आहेत. सहकाऱ्यांना मांडणीच्या कामात जागा देऊ करायची, आणि ती त्यांना नको असेल तर तीन महिन्यांचा पगार, निवड त्यांची.

उद्या सकाळी दहाला त्यांच्याशी बोलायचे आहे, आणि हातात लेखी काही असावे म्हणून पत्राचा मसुदा केला. पहिल्या ओळीत ‘बंद करण्याचा विचार आहे’ असे लिहून गेले होते. ते खोडून ‘बंद करत आहे’ असे लिहिले आणि खाली महिनाअखेरची तारीख घातली.