ग्रेलिंगची होडीशर्यत आणि फक्कीची बादली

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने शाळेविषयीच लिहावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु संपादक मंडळाने ‘सध्या जिथे आहात तिथले काही लिहा’ अशी मोकळीक दिली आहे, तिचा लाभ घेऊन मी ग्रेलिंग गावातील होड्यांच्या शर्यतीविषयी लिहीत आहे. आपल्या शाळेचा तिच्याशी काय संबंध, हे ओघात येईलच.

ग्रेलिंग हे अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागातले, जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव. वैद्यकीय प्रशिक्षणासाठी विशिष्ट व्हिसावर आलेल्या परदेशी डॉक्टराने, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केले तर त्याला मायदेशी परत न जाता येथे राहण्याची सवलत मिळते, अशी एक तरतूद आहे. त्या तरतुदीमुळे मी या गावी आलो आणि मुदत संपल्यावरही येथून हललो नाही. एकोणिसाव्या शतकात हा सगळा भाग पांढऱ्या पाइनच्या उंच झाडांचा होता. ती झाडे तोडून त्यांचे ओंडके हिवाळा सरल्यावर नदीत सोडून देत आणि ते वाहत खालच्या गिरण्यांपर्यंत जात. ज्या माशावरून गावाला नाव मिळाले तो ग्रेलिंग मासा या लाकूडतोडीने आणि बेसुमार मासेमारीने मिशिगनच्या नद्यांतून नाहीसा झाला. गावाने नाव मात्र टाकले नाही. नदीचे नाव ऑसेबल. झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारी, भर उन्हाळ्यातही थंडगार असणारी, वाळू-खड्यांच्या तळाची ही नदी ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्यांच्या रक्षणासाठी झटणारी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था 1959 मध्ये याच नदीच्या काठी स्थापन झाली. एरवी वर्षभर गावाची ओळख एवढीच. जुलै महिन्यातल्या अखेरच्या शनिवार-रविवारी मात्र गावाचा नूर पालटतो.

त्या शनिवारी रात्री नऊ वाजता ग्रेलिंगहून होड्या सुटतात आणि ऑसेबल जिथे ह्यूरन सरोवराला मिळते त्या ऑस्कोडा गावापर्यंत, म्हणजे सुमारे 120 मैल किंवा 193 किलोमीटर, कुठेही मुक्काम न करता जातात. प्रत्येक होडीत दोघेच. पुरुषांच्या जोड्या, स्त्रियांच्या जोड्या आणि मिश्र जोड्या अशा सर्व एकाच वेळी, एकाच पाण्यात उतरतात. वाटेत मायो, अल्कोना, लाउड, फाइव्ह चॅनल्स, कुक आणि फूट अशी सहा धरणे लागतात. वीजनिर्मितीसाठी 1911 ते 1924 या काळात बांधलेल्या या धरणांपाशी होडी पाण्याबाहेर काढायची, उचलून घेऊन धावत धरणाला वळसा घालायचा आणि पलीकडे पुन्हा पाण्यात टाकायची. एकोणीस तासांच्या आत पोहोचले पाहिजे, ही अट. शर्यत पहिल्यांदा झाली 1947 मध्ये, आणि तेव्हाच्या विजेत्यांना एकवीस तासांहून थोडा अधिक वेळ लागला होता. म्हणजे आजच्या नियमाने ते मुदतीबाहेर गेले असते. पुढे 1994 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले सर्ज कॉर्बिन आणि सस्कॅचवान प्रांतातले सॉलोमन कॅरिएर यांनी हेच अंतर चौदा तासांच्या किंचित आत कापले. कॉर्बिन यांनी ही शर्यत एकूण अठरा वेळा जिंकली आहे आणि त्यांचे नाव येथील म्हातारी माणसे आपल्याकडे जुन्या नामांकित पैलवानाचे नाव घ्यावे तशा स्वरात घेतात.

ज्या कॅनोमधून हे लोक जातात ती साडेअठरा फूट लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती, उघडी आणि कार्बनच्या धाग्यांपासून केलेली असल्यामुळे एकट्या माणसाला उचलता येईल इतकी हलकी असते. वल्ह्याचे पाते दांड्याशी किंचित कोन करून बसवलेले असते. दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना वल्हवतात आणि काही हात मारून झाले की त्यांच्यातील एक जण ‘हट’ असा आवाज देतो. त्या क्षणी दोघेही बाजू बदलतात. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक हात हा नेहमीचा वेग आहे. पंधरा तासांचा हिशेब धरला तर वल्हे पन्नास हजारांहून अधिक वेळा पाण्यात जाते. डॉक्टर या नात्याने या आकड्याकडे पाहिले की मला खांदे, मनगटे आणि कंबर यांचीच चित्रे दिसू लागतात.

परंतु मला लिहायचे आहे ते वल्हवणाऱ्यांविषयी नव्हे, न वल्हवणाऱ्या गावाविषयी.

सुरुवात नदीत होत नाही, रस्त्यावर होते. आधीच्या दिवसांत प्रत्येक जोडीची नदीवर वेळ लावून चाचणी होते आणि तिच्या क्रमाने शनिवारी रात्री होड्या गावाच्या मुख्य रस्त्यावर ओळीने मांडल्या जातात. इशारा होताच सगळ्या जोड्या होड्या उचलून, दुतर्फा दाटलेल्या गर्दीमधून नदीकडे धावत सुटतात. नदी तेथे इतकी अरुंद आहे की एका वेळी मोजक्याच होड्या सोडता येतात. त्यामुळे काठावर जी झोंबाझोंबी होते, एकाच्या होडीचे टोक दुसऱ्याच्या पाठीत आणि तिसऱ्याचे वल्हे चौथ्याच्या होडीत, तिला शर्यतीचा सर्वांत प्रेक्षणीय भाग म्हणावे लागेल. खरे सांगायचे तर शेवटचाही. त्यानंतरचे दृश्य असे : अंधाऱ्या पुलावर डास मारत तास-दीड तास उभे राहायचे, वळणावर एक दिवा दिसला की ओरडायचे, होडी पुलाखालून निघून गेली की गाडीत बसून पुढच्या पुलाकडे निघायचे. स्टीफन पूल, वेकली पूल, मॅकमास्टर्स पूल, पारमली पूल. हा क्रम येथील शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतो. पहिल्या वर्षी मी हे सारे पाहिले आणि या लोकांना यात काय आनंद वाटतो हे मला मुळीच उमगले नाही.

उमगले ते पुढच्या वर्षी, काम अंगावर घेतले तेव्हा.

आता शाळेकडे येतो. मी शाळेच्या कोणत्याही संघात कधी नव्हतो. धावायला लागलो की मला धाप लागे, आणि हे ओळखून व्यायामाच्या सरांनी माझ्या हाती फक्कीची बादली दिली होती. वार्षिक क्रीडास्पर्धांच्या आदल्या संध्याकाळी मैदानाच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणायची, तळाला भोके पाडलेल्या डब्यात फक्की भरायची आणि सुतळीच्या कडेने डबा हलवत उलट्या पावलांनी चालत जायचे, म्हणजे ओढलेली रेघ पायाखाली येत नाही, हे मला त्यांनीच शिकवले. स्पर्धेच्या दिवशी मी अंतिम रेषेपाशी वही घेऊन बसे. पहिले तीन क्रमांक लागले की आम्ही वही मिटायला लागायचो, तेव्हा सर मागून म्हणायचे, “अजून पोरं पळतायत.” लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेवटचा मुलगा येईपर्यंत त्यांनी आम्हांला दोरी सोडू दिली नाही आणि त्या मुलाची वेळही वहीत लिहायला लावली. त्या वेळी आम्हांला तो निव्वळ जाच वाटे.

ग्रेलिंगमध्ये मला एक सबंध गाव बादली आणि वही घेतलेले भेटले. यांतल्या बहुसंख्य लोकांनी ही शर्यत कधी केलेली नाही, करणारही नाहीत. पण कुणाकडे रस्ता अडवण्याचे काम आहे, कुणाकडे पुलावर थांबून प्रत्येक होडीचा क्रमांक आणि वेळ टिपण्याचे, कुणाकडे धरणापाशी निसरड्या जागी दिवा धरून उभे राहण्याचे. आणि ही कामे घराण्याने चालत आल्यासारखी चालतात. माझ्या एका वृद्ध रुग्णाने गुडघ्याची शस्त्रक्रिया कधी करायची याचा विचार करताना पहिला प्रश्न विचारला तो हा, की जुलैअखेर आपल्याला पुलावर उभे राहता येईल की नाही. आमच्या शेजारी दर वर्षी क्वेबेकहून येणारी एक जोडी उतरते. त्यांना इंग्रजी बेताचे आणि शेजाऱ्यांना फ्रेंच अजिबात येत नाही, तरी रात्रीच्या जेवणाला दोन्ही बाजूंचे हसणे आमच्या अंगणापर्यंत ऐकू येते.

सर्वांत अवघड काम खाणे-पिणे पुरवणाऱ्यांचे. प्रत्येक जोडीची स्वतःची माणसे असतात. ती गाडीतून पुढे जाऊन ठरलेल्या जागी मांडीभर पाण्यात उभी राहतात. होडी थांबत नाही. नळी लावलेली पाण्याची भांडी आणि खाण्याच्या पुड्या तिच्या वेगातच नेमक्या आत टाकाव्या लागतात आणि रिकामी भांडी पाण्यातून गोळा करावी लागतात. नेम चुकला तर पुढचे कित्येक मैल ती जोडी तहानलेली जाणार. अंधारात आपली होडी कोणती हे ओळखायचे तरी कसे, असे मी एकदा अशा कामावरच्या एका बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “हट म्हणण्याच्या आवाजावरून.” त्यांचा मुलगा होडीत मागे बसत असे.

माझ्या वाट्याला मायोच्या धरणापाशी थांबण्याचे काम आले. तेथवर पोहोचेपर्यंत रात्र सरत आलेली असते, नदीवर धुके उतरलेले असते आणि जुलै असूनही हवेत चांगलाच गारठा असतो. रात्रभर भिजलेल्या कपड्यांनी वल्हवणारा माणूस काठावर चढतो तेव्हा त्याचे पाय काही पावले त्याचे ऐकत नाहीत. पोट बिघडलेले असते, कारण इतक्या कष्टांत शरीर रक्त स्नायूंकडे वळवते आणि पोटातले गोड पाणी तसेच डुचमळत राहते. मी पाहतो ते एवढेच, की माणूस कुडकुडतो आहे ना. कुडकुडणे ही त्या मानाने बरी खूण. ते थांबले आणि बोलणे लडबडू लागले तर मात्र त्याला उबदार जागी न्यायचे, मग तो कितीही विनवो. एका वर्षी एक तरुण बाई वर आली, तिच्या दोन्ही तळहातांची सालडी निघाली होती, दात एकमेकांवर वाजत होते, आणि मी नाव विचारले तर नाव सांगण्याऐवजी तिने मलाच विचारले, “आम्ही कितवे?” मी उत्तर देण्याआधी काठावरच्या एका आजोबांनी क्रमांक सांगितला, पुढच्या होडीशी असलेले अंतर मिनिटांत सांगितले आणि पुढे धरणाच्या पाण्यावर वारा समोरून आहे, उजवा काठ धरा, हेही सांगितले. ते आजोबा तिच्या ओळखीचे असतील असे मला वाटले होते. ते कुणाचेच नव्हते.

मायोच्या खाली नदीचे रूप बदलते. वरच्या भागातील वळणे आणि पाण्यात आडवी पडलेली झाडे संपतात आणि धरणांनी अडवलेली, मैलोगणती पसरलेली संथ पाणी सुरू होतात. तेथे प्रवाहाची मदत नाही, वर ऊन आणि समोरून वारा. झोप न झालेल्या डोळ्यांना या टप्प्यात काठावर नसलेली माणसे आणि घरे दिसू लागतात, असे अनेक स्पर्धक सांगतात. पहिली जोडी रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ऑस्कोडाला पोहोचते. बक्षिसाची रक्कम असते, पण वर्षभराचा सराव, होडीची किंमत आणि माणसांची ने-आण यांचा हिशेब मांडला तर तिच्यासाठी कुणी ही शर्यत करत असेल असे मला वाटत नाही.

सगळे गाव एकजात भक्त आहे, असेही नाही. नदीकाठी घरे असलेल्या काही जणांना रात्रभराची वाहने आणि आरडाओरडा नको असतो. गळ टाकून शांतपणे बसणाऱ्यांचीही कुरकुर असते, आणि दुसऱ्या दिवशीचा पुलांवरचा कचरा पाहिला की ती मला अगदीच अनाठायी वाटत नाही. पण 2020 मध्ये साथीमुळे शर्यत रद्द झाली तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या कुरकुऱ्यांपैकीच एकाने त्या शनिवारी रात्री नऊ वाजता आपण उगाचच मुख्य रस्त्यावर चक्कर मारून आल्याचे सांगितले. तेथे त्याला ओळखीची आणखी बरीच माणसे भेटली होती.

रविवारी दुपारी चार वाजता एकोणीस तास पूर्ण होतात. विजेते कधीच आंघोळ करून जेवलेले असतात, तरी काठावर लोक असतात आणि शेवटच्या होडीच्या वेळी टाळ्या किंचित जास्तच पडतात. वेळ टिपणारे वही मिटत नाहीत. त्यांच्या शेजारी बसलो असताना मी एकदा आपल्या सरांचे ते वाक्य मराठीतच मोठ्याने म्हटले आणि नंतर त्यांना अर्थ सांगावा लागला. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने ती कामाची सूचना होती, आणि सरांच्या दृष्टीनेही तेवढीच असावी.

आपल्या शाळेची अनेक मुले-मुली आता अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कुणाला जुलैअखेर यायचे असेल तर आधी कळवावे, कारण त्या आठवड्यात गावात खोली मिळणे कठीण असते. माझे घर आहे. सोबत दिवा, पाण्यात घालायचे बूट आणि डासांचे औषध आणावे. झोपायची सोय मात्र होणार नाही, आणि मायोच्या धरणापाशी दिवा धरायला माणसे कमीच पडतात.