मधल्या वाटेवरची गळती

सकाळपासून राजारामपुरीत पावसाची झड. खिडकीशी बसून गिटसाठी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आलेला एका नवख्या मुलीचा पॅच, म्हणजे तिने सुचवलेला बदल, वाचला. सी भाषेतले जेमतेम ४० ओळींचे बदल, पण दोन तास गेले. स्ट्रबफ, म्हणजे मजकूर ठेवायला घेतलेली मेमरी, शेवटी नीट रिलीज केलेला. मधेच एरर आली की मात्र फंक्शनमधून थेट रिटर्न, मेमरी तशीच अडकलेली. गोटू (कोडमध्ये थेट दुसरीकडे उडी मारायची आज्ञा) वाईट असं कॉलेजात शिकवतात, पण इथे सगळ्या वाटा एकाच क्लीनअप लेबलकडे, म्हणजे मेमरी सोडणाऱ्या जागी, नेणारा गोटूच बरा.

कमिट मेसेजही (बदलासोबतची टीप) पुन्हा लिहायला सांगितला. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच, का बदललं ते हवं. गिट सुरू झालं त्या २००५ पासूनच्या कितीतरी ओळींचं कारण आजही गिट ब्लेमवरून (कुठली ओळ कुठल्या बदलात आली ते दाखवणारी आज्ञा) सापडतं, ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणूनच.

संध्याकाळी तिचा दुसरा पॅच आला. लीक सॅनिटायझर (न सोडलेली मेमरी पकडणारं साधन) लावून टेस्ट चालवल्या. एकही गळती नाही! रंकाळ्यावर चक्कर मारताना तेच डोक्यात होतं.