दुपट्याचा कोपरा

नणंदेच्या बाळंतविड्यासाठी मी पहिली झबली, टोपडी आणि दुपटी शिवली, ती सासूबाईंच्या पायमशीनवर. बारशाला आलेल्या दोघीतिघींनी तशीच मागितली आणि काम सुरू झाले. आता आम्ही पाच जणी आहोत, मशीन तीन.

पहिल्याच वर्षी एक दुपटे परत आले. बाळाची आजी स्वतः घेऊन आली होती. काही न बोलता तिने कोपरा माझ्या हातात दिला. खड्यासारखा टणक! दुहेरी दुमडीत काठाला कापडाचे तीन थर येतात. कोपऱ्यात दोन्हीकडच्या दुमडी एकावर एक चढल्या की नऊ. तेच बाळाच्या गालाला टोचत होते. मला फार लागले ते. त्या रात्री घरातली सगळी तयार दुपटी उसवली.

तेव्हापासून कोपरा तिरका जोडतो. मलमल आधी दोनदा धुऊन आटवून घ्यायची, नाहीतर पहिल्या धुण्यातच काठ आवळतो. एकेक सेंटीमीटरच्या दोन घड्या इस्त्रीने पाडून उलगडायच्या. आतल्या घड्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूतून कोपऱ्याला आडवी जाणारी तिरकी रेघ आखायची. कापड सुलट बाजू आत घेऊन कोपऱ्यातून दुमडायचे, रेघेवर टीप मारायची, अर्धा सेंटीमीटर ठेवून टोक कापायचे आणि उलटवायचे. काठाची टीप कोपऱ्यापासून कधीच सुरू करत नाही. मशीन मऊ कापड आत ओढून घेते. बाजूच्या मध्यावर सुरुवात करायची, कोपऱ्यावर सुई कापडात रुतवूनच दाब (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचा आणि कापड वळवायचे. सुई अकरा नंबरची.

झबल्याच्या गोल घेराला वेगळी युक्ती लागते. कापलेली कड लांब, ती जिथे बसवायची ती जागा आखूड. म्हणून कडेला धावदोरा घालून हलकेच ओढतो, जास्तीचे कापड इस्त्रीने जिरवतो आणि हाताने हेम घालतो. वेळ जातो, त्यामुळे आमचे झबले थोडे महाग पडते. ते मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

सासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण तपासणी त्यांच्याकडेच आहे. प्रत्येक दुपट्याचे चारही कोपरे त्या स्वतःच्या गालावरून फिरवतात. परवा सत्तावीसपैकी तीन बाजूला काढली. तीच आत्ता उसवत बसले आहे.