घरची डर्टी मार्टिनी
आज घरीच डर्टी मार्टिनी केली. 60 एमएल व्होडका, 15 ड्राय व्हर्मूथ (वनस्पती-मसाले घातलेली, गोड नसलेली वाईन), 15 ऑलिव्हच्या बरणीतलं खारं पाणी, भरपूर बर्फात अर्धा मिनिट ढवळायचं, गाळून गार ग्लासात ओतायचं, वर ऑलिव्ह, झालं. व्होडका मुद्दाम फ्रीझरमध्ये ठेवली नाही, कारण ती इतकी गार असली की बर्फ फारसा वितळतच नाही आणि थोडं पाणी उतरायलाच हवं, नाहीतर नुसती घसा जाळते (हे माझं मत, भांडू नका). बायको म्हणाली खारातल्या कैरीचं पाणी पितोय असं वाटतंय, आणि ग्लास काही परत दिला नाही. बाकी व्हर्मूथ उघडली की फ्रीजमध्येच ठेवा हां, वाईनच असते ती, कपाटात चव जाते.